खोकणारी गाडी

आमच्या गल्लीतला मिस्त्री तोंडाचा फटकळ. चावी काढल्यावरही कुणाची जुनी गाडी धडधडत राहिली, की तो खेकसतो, "आयडलिंग किती वाढवून ठेवलंय! आत कार्बन निखाऱ्यासारखा लाल होतो, पेट्रोल त्यावरच पेटतं. चावी काढून काय होणार, कपाळ!" मग स्क्रू जरा सैल करतो, कार्बन खरवडून देतो.

स्वतःची गाडी मात्र त्याने कधीच दुरुस्त केली नाही. बायको म्हणायची, "राहू द्या हो. ती खोकली की कळतं मला, तुम्ही आलात." आणि लगेच दार उघडायची.

बायको गेल्या वर्षी वारली. आजही तो चावी काढतो, गाडी खोकत राहते, आणि ती गप्प होईपर्यंत तो आतच बसून दाराकडे बघतो. मग खिशात घराची किल्ली शोधतो.