आमच्या वाट्याला आलेलं ‘दार’

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रत्येक घराला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर प्रभू येशूचं एक नाव असतं. उत्तम मेंढपाळ, जीवनाची भाकर, जगाचा प्रकाश, महान वैद्य. जे नाव येईल ते वर्षभर घरात सगळ्यांना दिसेल असं लावायचं आणि त्या नावानं प्रार्थना करायची. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचं काम कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. त्या वर्षी मी लबाडी केली. ‘महान वैद्य’ लिहिलेल्या चिठ्ठीचा कोपरा मी हळूच दुमडून ठेवला.

तसं करायला कारण होतं. दिवाळीच्या सुमारास ह्यांना लकवा झाला होता. हात-पाय सावरत होते, पण तोंड डावीकडे ओढलेलंच राहिलं. सेलूच्या शाळेत आयुष्यभर शिकवत आलेला, उपासनेत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाणारा माणूस, त्यांना त्या तोंडाची फार लाज वाटू लागली. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचे. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून दिवसभर म्हणायचे, “दार लाव.” डॉक्टरांनी बजावलं होतं की चालायला हवं, चार माणसांत बोलायला हवं, नाहीतर आहे तेही जाईल. मला ते डोळ्यांसमोर जाताना दिसत होतं. अशा वेळी मला वैद्य हवा होता, दुसरं कुठलंही नाव नको होतं.

चिठ्ठ्यांचं ताट फिरत आलं. माझ्या पुढच्याच बाकावर सुशीलामावशी होत्या, एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. त्यांनी नेमकी दुमडलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी उचलली. माझ्या हाती आलं ‘दार’. मीच दार आहे, असं प्रभू म्हणाला, हे मला पाठ होतं. पण आजारी नवऱ्याच्या घरात दार घेऊन काय करायचं? रागारागात मी ती चिठ्ठी पुढच्या दारालाच आतून चिकटवली. मंडळीच्या पाळकसाहेबांना कळलं असतं तर हसले असते.

तिथेच माझी पंचाईत झाली. “दार लाव” म्हटलं की मी उठायची आणि कडी घालताना डोळ्यांसमोर तेच नाव यायचं. एकदा नाही, दिवसातून दहादा. मार्चमधल्या एका सकाळी कडीवर हात ठेवला आणि मला ती घालवेना. मनात म्हटलं, प्रभू, वैद्य होऊन येत नाहीस तर राहू दे, जसा आला आहेस तसा ये. मी दार उघडं टाकून स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी आवाज आला, “बाई, पाणी भेटन का?” आमचं घर सेवाग्रामच्या रस्त्यावर, दवाखान्यात जाणारे लोक कधी थांबतात. देवळीकडचे एक म्हातारे शेतकरी होते. मी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत ते दारात पोचले होते आणि समोर खुर्चीत बसलेल्या ह्यांना निरखत होते. त्यांचंही तोंड वाकडं होतं, ह्यांच्यापेक्षा जास्त.

“भाऊ, तुमालेबी का?” ते म्हणाले. “मले दहा वर्सं झाले. काऊन लाजून राह्यले? तोंड वाकडं झालं त का झालं, भाकर त सरळच पोटात जाते न.”

हे हसले. वाकडं हसले, पण खळखळून हसले. चार-पाच महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. दोघं अर्धा तास बोलत बसले. निघताना म्हातारे म्हणाले, “मले फाटकालोक सोडून द्या न,” आणि हे उठून त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. मी दारात उभी राहून रडले. ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत, त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ह्यांनी “दार लाव” म्हटलं नाही. फाटकापर्यंतचं चालणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं, आणि पावसाळा सरता सरता ते पुन्हा उपासनेला येऊ लागले.

वर्ष संपताना माझी लबाडी मला टोचू लागली. सुशीलामावशींकडे जाऊन मी सगळं कबूल केलं. त्या ऐकत राहिल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, “अवं, माह्या पोटाचं ऑपरेशन होतं न तवा. जीव घाबरून राह्यलता, पण कोणाले सांगतलं नाई. ताटात एकाच चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला दिसला. मले वाटलं, देवानं माह्यासाठीच खूण करून ठेवली.”

मी खूण केली होती ती स्वतःसाठी. प्रभूला कोणाच्या घरी कोणत्या नावानं जायचं ते ठाऊक होतं, आणि माझी लबाडीसुद्धा त्यानं वाया जाऊ दिली नाही. चिठ्ठ्या अजून मीच लिहिते, पण सगळ्यांच्या घड्या सारख्या घालते. आणि उचलायला ह्यांना पाठवते.