कुलगुरूंसाठी वेगळं पान

“तिच्या भावानं बटण दाबलं तर बिघडतं काय?” विद्यापीठाचे समन्वयक सर फोनवर विचारत होते.

मी सेनगावच्या बसस्थानकात हिंगोलीला परत जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते. गाडी लागायची चिन्हं नव्हती. हाच प्रश्न मघाशी आमच्या मॅनेजरनंही विचारला होता, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं.

“सर, परीक्षा तिची आहे.”

“ते बरोबर आहे हो. पण जरा प्रॅक्टिकल विचार करा ना, मॅडम.”

समोरचा ‘प्रॅक्टिकल विचार करा’ म्हणाला की आपलं काम वाढलं असं समजावं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एवढं तरी मला कळलंय.

माझं काम सांगते. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशांनाही एखादी वेबसाइट वापरता यावी म्हणून ती तपासायची आणि दुरुस्त करायची. याला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. कंपनी पुण्याची, मी घरून काम करते. गल्लीतल्या बायकांना वाटतं मी दिवसभर मोबाइल बघत बसते. खरं म्हणजे मी दिवसभर मोबाइल ऐकत बसते. आंधळ्या माणसाच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाची सोय असते. बोट जिथं ठेवाल तिथं काय आहे ते फोन बोलून सांगतो. आम्ही नुसतं एवढंच बघायचं, की तो जे बोलतो त्यावरून माणसाला पुढची वाट सापडते की नाही.

एका विद्यापीठानं घरी बसून शिकणाऱ्यांसाठी लेक्चरच्या व्हिडिओंची वेबसाइट काढली होती. प्रत्येक विषयाचे व्हिडिओ बघायचे, मग ऑनलाइन चाचणी द्यायची. आम्ही सगळ्या व्हिडिओंना खाली अक्षरं दिली, प्रत्येक बटणाला नाव दिलं. तपासणीचा रिपोर्ट वरपासून खालपर्यंत हिरवा, म्हणजे बिनचूक, आला. विद्यापीठात उद्घाटन झालं. मला कार्यक्रमाचे फोटो आले, त्यात सत्कार घेताना आमचा मॅनेजर समीर हसत होता.

मग सेनगावहून एक तक्रार आली. फोनवर बोलून लिहिलेली, एका ओळीची. “तुमची वेबसाइट माझ्यावर ओरडते.” खाली नाव होतं नसरीन. हेल्पडेस्कनं ‘समस्या सोडवली आहे’ असं उत्तर पाठवून ती बंद केली. तिनं पुन्हा पाठवली. हेल्पडेस्कनं पुन्हा सोडवली.

“तू तिकडचीच आहेस ना? जाऊन ये आणि एकदाचं तक्रारीचं तिकीट क्लोज कर,” समीर म्हणाला. पुण्याहून बघितलं की हिंगोली जिल्हा म्हणजे एकच गल्ली वाटत असावी. मला कंटाळा आला होता. रिपोर्ट हिरवा असताना लोकांच्या घरी जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तरी गेले.

नसरीनच्या भावाचं, इरफानभाईचं, सेनगावात कापडाचं दुकान आहे. घर दुकानामागंच. नसरीन पंचविशीची असेल. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. मी बसायच्या आत तिनं फोन पुढं केला.

“मॅडम, तुमीच ऐका. मी सांगितलं तर लोकायला खोटं वाटून राहिलं.”

तिनं लॉगिन केलं आणि फोनमधून एकदम भारदस्त आवाज आला. “प्रिय विद्यार्थी मित्रांनो, आज ज्ञानाची गंगा आपल्या दारी...” हे कुलगुरूंचं मनोगत. त्याच वेळी स्क्रीन रीडरही बोलत होता. दोन माणसं एकाच लाउडस्पीकरवर भांडावीत तसं चाललं होतं. तिनं बोट फिरवलं. आत कुठंतरी ‘बटण’ असा शब्द आला आणि गंगेत वाहून गेला.

“सांगा बरं, माझा फोन काय म्हणला?”

मला सांगता आलं नाही. मी हेच ऐकून पोट भरते, तरी नाही.

हे मनोगत आम्ही टाकलंच नव्हतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संगणक विभागानं ते परस्पर चढवलं होतं, तेही प्रत्येक पानावर. पोरगं कुठूनही आत आलं तरी साहेब आधी भेटले पाहिजेत! डोळस माणूस कोपऱ्यातली फुली दाबून पुढं जातो, त्याला आठवतही नाही. त्या फुलीला नावच नव्हतं, म्हणून फोन नुसता ‘बटण’ म्हणत होता, आणि तेही ऐकू येत नव्हतं.

“तर मग मनोगत संपेपर्यंत थांबत जा ना,” मी म्हणाले.

“लेक्चरला थांबते की. चाचणीला कशी थांबू? पान उघडलं की घड्याळ सुरू व्हतं. ह्यांचं भाषण संपतं तवा माझा टाइम संपलेला ऱ्हातो.”

आता माझं डोकं तापलं. चाचणीच्या तीन संधी असतात. तिच्या दोन संधी भाषण ऐकण्यात गेल्या होत्या, दोन्ही वेळा शून्य. एकच उरली होती आणि रविवारी मुदत संपत होती. चाचणी पास नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं.

इरफानभाई चहा घेऊन आले. “मी म्हणलो, मी दाबून देतो. एक मिंटाचं काम. हिलाच पटंना.”

“तू फुली दाबून थांबशील व्हय?” नसरीन म्हणाली. “मागं सरावाचे प्रश्न लावून दे म्हणलं तर उत्तरं बी सांगत बसला.”

“मदत केली तर त्यात काय गुन्हा झाला?”

“मॅडम, मी दहावी पास झाले. बारावी झाले. दोन्ही टायमाला लेखनिक होती. मी सांगायची, ती लिवायची. निकाल लागला तर अख्खी गल्ली काय म्हणली? पोरगी कुठं पास झाली, लिवणारी पास झाली. अब्बाच्या मयतीला आलेल्या बाईनं बी तेच विचारलं. ही चाचणी मी फोनवर एकटी देऊ शकते. मधी कोणीच न्हाई. जिंदगीत पहिल्यांदा. आन् तिथं बी काहून कोणी पाहिजे?”

इरफानभाईंनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं, कारण यात वाईट वागलं असं कोणीच नव्हतं.

दारातूनच समन्वयक सरांना फोन लावला. मनोगत आपोआप सुरू होणं तेवढं बंद करा, म्हटलं.

“कुलगुरूंचा आवाज बंद करा, असा मेल कोण पाठवणार? मी?”

“आवाज बंद नाही, सर. ज्याला ऐकायचं तो बटण दाबून ऐकेल.”

“आणि कोणीच नाही दाबलं तर?”

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं शक्य नव्हतं.

“निदान तिच्या दोन संधी परत द्या.”

“शून्य सिस्टिममध्ये पडलेत, मॅडम. पडलेलं काढता येत नाही. समितीपुढं ठेवू.”

समिती पुढच्या महिन्यात बसणार होती.

बसस्थानकात सरांचा पुन्हा फोन आला, तो तिच्या भावानं बटण दाबण्याचा. गाडी आलीच नाही; परतीच्या जीपमध्ये दोन बायकांच्या मध्ये अवघडून बसले होते आणि विचार करत होते. आमच्याकडं लग्नात एखादा पाहुणा माइक सोडतच नाही. अक्षता खोळंबतात, पंगत ताटकळते. पण त्याला ‘आता पुरे’ असं कोणी म्हणत नाही. म्हणणारा आयुष्यभराचा वैरी होतो. त्याला सांगतात, “साहेब, तुमच्यासाठी खास वर सोफा मांडलाय, चला.” साहेब खुशीत सोफ्यावर जाऊन बसतात आणि लग्न लागतं.

घरी येऊन मी नवा मेल लिहिला. त्यात ‘बंद’ आणि ‘काढणे’ हे शब्दच ठेवले नाहीत. माननीय कुलगुरूंचं मनोगत सध्या पॉपअपमध्ये दाखवलं जातं, विद्यार्थी फुली दाबून ते अर्धवट सोडतात, हे त्यांच्या पदाला शोभणारं नाही. तरी त्यासाठी स्वतंत्र, सन्मानाचं पान करावं, मोठ्या छायाचित्रासह. तिथं बोलणं अक्षरांतही द्यावं, म्हणजे ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ होईल. शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. वर समन्वयक सरांचा फोन. “उत्तम कल्पना आहे, मॅडम. साहेब खूश आहेत. फोटो मी पाठवतो तो घ्या, जुना नको.”

बदल करायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. मग फोनची स्क्रीन काळी करून मी स्वतः सगळं वापरून बघितलं. शांत होतं. प्रत्येक बटण आपलं नाव सांगत होतं. कामात मला क्वचितच बरं वाटतं, तेव्हा वाटलं. समीरनं तिकीट क्लोज केलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘किरकोळ बदल’.

इतक्या वर्षांत मी या कामाचे नियम पाठ केलेत. मोठ्या माणसाला वाटेतून कसं उठवावं, हे एकाही नियमात लिहिलेलं नाही. अर्धी नोकरी त्यातच गेली.

नसरीन शनिवारी चाचणी देणार होती. मी येऊन बाजूला बसू का, म्हणून विचारलं. काही अडलं तर बघता आलं असतं.

“नका येऊ, मॅडम. तुमी आल्या तर लोकं म्हणतील मॅडमनं दिली.”

गेले नाही. शनिवारी सकाळपासून घरात उगाच भांडी लावत बसले. काही चुकलं असतं तर चौथी संधी नव्हती. दुपारी तिचा फोन आला. आवाजावरून काही कळेना.

“झाली?”

“झाली. दार लावून घेतलं व्हतं. इरफानभाई बाहेर बसला.”

“किती पडले?”

“दहापैकी चार.”

पास व्हायला चारच लागत होते. मी सुटकेचा श्वास सोडला, पण मनात आलं, चारच? एवढं करून चार? म्हटलं, “बघ, इरफानभाईंनी दिली असती तर नऊ तरी पडले असते.”

ती हसली. पहिल्यांदाच तिचं हसू ऐकलं.

“म्हणून तर, मॅडम. गल्लीत सगळ्यायला सांगून आले, चार पडले म्हणून. आता कोणी काही म्हणून राहिलं न्हाई. चार मार्कांसाठी कोण दुसऱ्याला बसवतं?”