विहिणीची भाषा

“आहो,” अशी हाक मारून काकू पदरात तोंड लपवून हसायच्या. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले काका मान वर करायचे.

“काय गं?”

“तुमास्नी कुठं हाक मारली? मी लसूण म्हणलं.”

स्पॅनिशमध्ये लसणाला आहो म्हणतात. हे कळेपर्यंत काकूंनी माहेरच्या, म्हणजे उंब्रजच्या पद्धतीनं नवऱ्याला “आवं” म्हणतच सगळा संसार केला होता. त्यानंतर मात्र उठता-बसता “आहो” सुरू झालं. काका फौजेतून निवृत्त झालेले, हसणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. पण मिशी हलायची, ती मी पाहिली आहे.

सांगलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, म्हणून काकू मला मास्तरीण म्हणायच्या. त्यांचा एकुलता मुलगा नोकरीसाठी मेक्सिकोला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला. सून इंग्रजी बोलायची, मोडकंतोडकं मराठीही. विहीणबाईंना मात्र स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं.

पहिल्या व्हिडिओ कॉलला काकूंनी मला आधाराला बोलावलं होतं. दोघी विहिणी गाल दुखेपर्यंत एकमेकींकडं बघून हसल्या. मग विहीणबाई हातवारे करत, मध्येच डोळे पुसत, खूप वेळ बोलल्या. मुलानं अर्थ सांगितला, “आई, त्या म्हणतात, सगळं छान आहे.”

फोन ठेवल्यावर काकू उसळल्या. “एवढं लांबलचक बोलली ती, डोळं पुसलं, आन् हा म्हणतो छान हाय? मास्तरणी, मलाच शिकीव ती भाषा.”

मला कुठली स्पॅनिश यायला! मी त्यांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात वर स्पॅनिश शब्द यायचा, खाली इंग्रजी. काकू सातवी शिकलेल्या. इंग्रजी शब्द दिसला की भिंतीपलीकडून हाक यायची, “ओनियन म्हंजी?” मी ओरडायची, “कांदा!” मग तिकडून घोकणं सुरू, “सेबोया, ओनियन, कांदा.”

“लय फेरा पडतो गं,” त्या म्हणायच्या. “उंब्रजहून निघायचं, कराडात गाडी बदलायची, मग सांगली. तसं हाय हे. इंग्रजी म्हंजी कराड.”

तुम्ही मोठ्या माणसांना शिकताना पाहिलं असेल. चुकायच्या भीतीनं ती आधीच गप्प होतात. काकूंना ती भीती नव्हती. फोडणी घालता घालता त्या फोनसमोर मीठ धरायच्या, “साल!” तवा उचलायच्या, “कोमाल!” पलीकडं विहीणबाई टाळ्या वाजवायच्या आणि आपला तवा उचलून दाखवायच्या.

एकदा विहीणबाईंनी आधी स्वतःकडं, मग काकूंकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “कोन्स्वेग्रा.” आम्ही शब्द शोधला. खाली इंग्रजीत एक लांबच लांब वाक्य होतं: आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या सासूबद्दल.

“म्हणजे विहीण,” मी म्हटलं.

“मग एवढं का लिवलंय?”

“इंग्रजीत त्याला एक शब्दच नाही.”

“विहीणच न्हाई?” काकू थक्क झाल्या. “मग त्यांची लग्नं लागत्यात तरी कशी?” आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाल्या, “ही थेट गाडी बघ. कराडला उतरायचं कामच न्हाई!”

त्याच वर्षी विहीणबाईंचे यजमान अचानक गेले. मुलगा आणि सून तिकडच्या धावपळीत होते. काकू सकाळीच माझ्याकडं आल्या. “मला समदी भाजीपाल्याची नावं येत्यात. आता तिला काय म्हणू?”

मी शोधून सांगितलं, “लो सिएन्तो. म्हणजे आय अ‍ॅम सॉरी.”

“सॉरी? माफी कशापायी मागू? म्या काय केलंय?”

मी पुन्हा शोधलं. त्या शब्दांचा मूळ अर्थ निघाला, मला ते जाणवतंय. काकूंनी ते शब्द दोनदा पुटपुटून पाहिले. “मग बरुबर हाय,” म्हणाल्या.

फोन लागला. विहीणबाईंनी तो इतका जवळ धरला होता की नुसतं कपाळच दिसत होतं. “लो सिएन्तो, कोन्स्वेग्रा,” काकू म्हणाल्या. ते कपाळ थरथरलं. मग त्या बाई रडत रडत कितीतरी बोलल्या. काकूंनी एकदाही “म्हंजी?” विचारलं नाही. फोनच्या काचेवरून त्या अंगठा फिरवत राहिल्या, लेकराचे डोळे पुसावेत तसा.

पुढं नात झाली आणि काका-काकू मेक्सिकोला गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले होते, ते तिथलेच झाले. काका तिथं सगळ्यांशी फौजेतल्या हिंदीत बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही, असं ऐकते. शेजारी आता भाडेकरू आहेत, शांत माणसं आहेत. भिंतीपलीकडून मला कोणी काही विचारत नाही.

परवा काकूंचा फोन आला. विहीणबाईंना पिठलं खाऊ घातल्याचं रंगून सांगत होत्या. “आन् वरनं बारीक चिरून सिलान्त्रो टाकली,” म्हणाल्या आणि अडखळल्या. “आगं, ती आपली... हिरवी... बाजारात जुडी मिळती बघ... काय म्हणतो गं आपण तिला?”

“कोथिंबीर,” मी म्हटलं.

“व्हय. कोथिंबीर,” काकू म्हणाल्या, आणि मग पलीकडून घोकणं सुरू झालं, “सिलान्त्रो, कोथिंबीर. सिलान्त्रो, कोथिंबीर.”