मरळआत्याची बंदी

मरळआत्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कधी बोलली नाही. ती बोलायची घमेल्यातल्या मरळींशी, गिऱ्हाईक आपलं समोर ताटकळत असायचं. "आला बघ गं. आता तुला दाबून बघंल. ह्याच्या बापानं मरळ बघितली व्हती का कधी?" ओल्या पोत्याखाली तिच्या मरळी तासन्‌तास जिवंत राहायच्या. तरी कोणी मासा ताजा आहे का, असं विचारलंच, तर ती हाताने वाट दाखवायची. "म्होरं जा. वांगी घे." सारा बाजार तिला नावं ठेवायचा आणि मरळ मात्र तिच्याकडूनच न्यायचा.

लातूर तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा म्हणून कार्यालयं नवी, आणि त्यांत माझ्यासारखे नवे कारकून. मी बिलोलीकडचा, आमच्या घरातला पहिला सरकारी नोकर. नेमणूक झाली मासळीच्या खात्यात आणि तीही अशा तालुक्याच्या गावी, जिथे पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. तळ्यात पाणी जेमतेम, पण टेबलावर कागद उदंड. शिक्के अजून जुन्या जिल्ह्याच्या नावाचे होते. ते नाव पेनने खोडून आम्ही वर लातूर लिहायचो आणि त्याला कारभार म्हणायचो. आमच्या साहेबांना मरळ आणि बोंबील यांतला फरक फक्त ताटात कळायचा, तोही मीठ कमी पडलं तर.

त्या कागदांत मरळीचा एक नियम होता. जून आणि जुलै हे तिच्या विणीचे महिने, तेव्हा ती धरायची नाही आणि विकायचीही नाही. बंदी उठल्यावर विक्रेत्याने मासा कोणत्या तळ्यातला याची आमच्या शिक्क्याची पावती जवळ ठेवायची. हे मी बाजारात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याने तोंडातलं पान बाजूला थुंकलं. "लेकरा, मरळीला क्यालेंडर कोन वाचून दावलं रं?"

तिची बंदी वेगळी होती, तिच्या सासऱ्यापासून चालत आलेली. नवं पाणी आलं की मरळ विते. पाण्यावर पिलांचा तांबडा पुंजका तरंगू लागतो आणि त्याखाली नर-मादी राखणीला असतात. पहिलं पाणी आल्यापासून तो पुंजका पांगेपर्यंत भोयांच्या घरातली जाळी खुंटीवर राहायची, मग घरात चूल पेटो न पेटो. दुष्काळातही तळ्याच्या मध्यावरच्या डोहात ती जाळं टाकू द्यायची नाही. म्हणायची, "त्या बियाण्याच्या हायत. बियाणं खानारा मानूस न्हाई, उंदीर."

त्या वर्षी जून कोरडाच गेला. तळं आटत डोहाशी आलं आणि कडेच्या चिखलात मरळी तडफडू लागल्या. आत्याने त्या काढून बाजारात आणल्या. साहेबांनी लगेच घमेलं जप्त करवलं. तिने एक मरळ तिथेच चिरून माझ्यासमोर धरली. "बघ, हाय का अंडं? पानीच न्हाई तर ती कशाला गाभन ऱ्हाईल? तुमी कागद वाचता, ती पानी वाचती." पोट रिकामं होतं. मी पंचनाम्यात 'विणीच्या काळातील मासा' असं लिहिलं. जप्त मरळींपैकी दोन संध्याकाळी साहेबांच्या घरी गेल्या, याचा उल्लेख कुठल्याच कागदात नव्हता.

पाऊस आला तो ऑगस्टात, बंदी उठल्यावर. तळं अर्धं भरलं आणि डोहातल्या मरळी अंड्यावर आल्या. नेमका तेव्हाच नांदेडचा एक व्यापारी परवाना घेऊन हजर झाला. त्याचे कागद चोख होते. त्याला हवी होती फक्त आमच्या शिक्क्याची पावती, आणि ती द्यायचं काम माझं.

आत्या त्या दिवशी पहिल्यांदा कार्यालयाची पायरी चढली. जिने अख्ख्या तालुक्याला कस्पटासमान लेखलं, तिने माझ्यापुढे हात जोडले. "पंधरा दिस थांबव बाबा. जास्त न्हाई मागत. पिल्लं फुटू दे. ह्या गेल्या तर तळ्यात बियाणं ऱ्हायचं न्हाई."

मला सगळं कळत होतं. 'तळ्याची पाहणी बाकी आहे' एवढी एक ओळ लिहिली असती, तर फाइल पंधरा दिवस सहज लोळली असती. आमच्याकडे फाइली त्याहून क्षुल्लक कारणासाठी वर्षभर लोळायच्या. पण साहेब आतून बघत होते आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी म्हणालो, "आत्या, बंदी संपली. नियमात बसतंय." आणि शिक्का मारला. त्या कारकुनाबद्दल मला आजही काडीचा आदर वाटत नाही.

तीन दिवस डोहात जाळी फिरली. पुढच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, मी रोज बांधावर जाऊन पाहिलं, पण तांबडा पुंजका कुठेही दिसला नाही. आत्याचं घमेलं बाजारात यायचं बंद झालं. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली.

माझी बदली झाली तेव्हा तिला भेटायला तिथे गेलो. वाटलं, चार माणसांत माझी सालटी काढेल, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच गेलो होतो. तिने हातोडा खाली ठेवला, पदराने दगड पुसला आणि म्हणाली, "बसा साहेब." मी म्हटलं, "आत्या, माझं चुकलं." ती माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाली, "तुमचं काय चुकलं? कागदात व्हतं, तसं तुमी केलं." मग तिने मला प्यायला पाणी दिलं आणि पुन्हा खडी फोडायला बसली.