दोन बोटं वर

गल्लीत त्या नवराबायकोला खांब आणि खुंटी म्हणत. तो दारातून वाकून येणारा, ती त्याच्या खांद्यालाही न पोचणारी. दोघांत बॅटरीची सायकल मात्र एकच. पहाटे तो ती गोदामावर नेई. दुपारी तो परतला की तीच घेऊन ती रुग्णालयाच्या धुलाईघरात जाई. भेट काय ती एवढीच, हँडल या हातातून त्या हातात जाईपर्यंतची. मग तिने खटका उघडून सीट खाली दाबायची, पहाटे त्याने पुन्हा वर ओढायची.

या रोजच्या वरखालीने शेवटी खटका तुटला. सायकलवाल्याने दांडी हलवून पाहिली.

"वहिनी, आटे गेलेत. नवा भाग येईल तेव्हा येईल. तोवर एका उंचीवर आवळून देतो, मग पान्याशिवाय हलायची नाही. बोला, कुणाच्या मापाने?"

आधी त्याच्या मापाने आवळली. चौकात ब्रेक दाबल्यावर तिचा पाय जमिनीला पोचलाच नाही. सायकलीसकट आडवी. मनगट टम्म सुजलं, आणि पोटापाण्याचा धंदा तर ओल्या चादरी उचलण्याचा.

"खाली करून घे," तो म्हणाला. "माझं काय, मला बॅटरी नेते."

सीट खाली आली, आणि तेव्हापासून त्याला यायला उशीर होऊ लागला. ती तयार होऊन उंबऱ्यावर उभी असायची, रस्त्याकडे बघत. धुलाईघरात मुकादमाने एकदा नुसतं घड्याळाकडे पाहिलं. नंतर तोंडानेच सांगितलं, "बाई, पुन्हा उशीर झाला तर जागेवर दुसरी उभी असेल."

"अहो, टपरीवर गप्पा मारायला रविवार पुरत नाही का?"

"वारा तोंडावर होता."

"वारा बरा रोज तुमच्याच वाटेवर!"

"तुझ्या वाटेवर तू असतेस. त्याची काय हिंमत?"

तिला हसू आलं नाही. बॅटरी रोज रिकामी दिसे; पण तिचा रस्ता उताराचा, आणि धुलाईघरात पोचताच ती सायकल चार्जिंगला लावी. म्हणून तिने कधी विचारच केला नव्हता.

मुकादम बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यावर थांबली नाही. टपरीवरूनच सायकल ओढून घ्यायची, असं ठरवून चालत निघाली. टपरीवर तो नव्हता. वळणावर आली आणि थबकली. खाली चढाच्या पायथ्याशी तो सायकल ढकलत होता. एवढा उंच माणूस, पण हँडलवर असा वाकलेला की जणू रस्त्यात पडलेलं काही शोधतोय. दर थोड्या अंतरावर थांबून गुडघा चोळत होता.

तो वर येईपर्यंत ती वळणावरच उभी राहिली.

"बॅटरी चढाशीच मरते," तोच म्हणाला. "पॅडल मारू गेलो की गुडघे हनुवटीला लागतात. सगळा रस्ता बॅटरीवरच काढावा लागतो."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू पडली होतीस ना."

किती वाजले हे सांगावं तसं सांगितलं त्याने. तिला रागवायचं होतं. रागवण्याइतकं त्राण नव्हतं. तिने हँडल हातात घेतलं.

"उतार आहे, जा," तो म्हणाला. "मुकादम टपलाच असेल."

अर्धी वाट चालून आल्याने आज तिच्याकडे थोडा वेळ होता. उताराच्या तळाशी ती सायकलवाल्याकडे थांबली.

"दोन बोटं वर घ्या."

"पाय टेकतील का, वहिनी?"

"बघते."

टेकत नव्हते. त्या दिवशी काम संपल्यावर तिने धुलाईघरातले जाड तळव्याचे गमबूट काढलेच नाहीत. चौकात बुटांची टोकं जमिनीला लागली. जेमतेम, पण लागली.

बॅटरी आता चढाच्या मध्यावर संपते. थोडं पॅडल त्याला मारता येतं, थोडं ढकलावं लागतं. गुडघा दुखतोच. घट्ट बुटांनी तिच्याही टाचा सोलल्या आहेत. रोज दुपारी ती मध्यापर्यंत चालत जाते.

"सीटचा भाग आला का?" एकदा त्याने विचारलं.

"नाही."

"बूट घालून गल्लीतून आलीस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. खुंटी दोन बोटं वाढली म्हणतील."

तो हसला, की त्याला नुसती धाप लागली होती, हे तिला कळलं नाही. हँडल तिच्याकडे देऊन, गुडघ्यावर हात ठेवत तो उरलेला चढ चढू लागला.