राखलेली जागा

आप्पांच्या गाडीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्यानं त्यांना एकदा तरी मनातल्या मनात शिवी हासडली असणार. कारण आप्पा तोंडावर बॅटरी मारायचे. पहाटेची वेळ, बाहेर धुकं, माणसं शाली गुंडाळून पेंगत बसलेली, आणि हे गाडीच्या दारात उभे राहून एकेकाच्या चेहऱ्यावर झगझगीत उजेड टाकत मोजायचे. एक, दोन, तीन. कुणी पदर पुढे ओढून घेतला की म्हणायचे, "तोंड बघू द्या, आक्का, तोंड." बरं, हे एकदाच नाही. गाडी जिथं थांबेल तिथून निघताना दर वेळी. शेवटचा चेहरा मोजून झाला की स्वतःशीच "पुरे" म्हणायचे आणि मगच चावी फिरवायचे.

गंगाराम आप्पा बेळगावच्या अनगोळात आमच्या शेजारी राहायचे. त्यांच्या नि आमच्या परसात कमरेएवढी भिंत, तीही अर्धी ढासळलेली. नात्यागोत्याचे कुणी नव्हते, पण आमच्या घरातलं लग्न, दवाखाना, देवदर्शन त्यांच्या मॅटॅडोर गाडीशिवाय कधी झालं नाही. त्यांची खरी हौस मात्र पहाटेची फेरी. कुणाकडे पाहुणे आले की आप्पा पाचाच्या ठोक्याला दारात हजर. किल्ला, खंदक, आतलं जैन देऊळ कमल बस्ती, कॅम्पातला मिलिटरी महादेव, रेसकोर्स, टिळकवाडीतले बंगले, कपिलेश्वर, आणि शहापुरात माग खटखटायला लागायच्या सुमाराला फेरी संपायची. "गाव बघायचं तर त्ये उठायच्या आधी बघावं," असं ते म्हणत. "उठलं की तोंड धुतंय, पावडर लावतंय. मग खरं कुठलं दिसतंय?" त्या अंधारात दुकानांच्या पाट्या वाचता येत नसत. पाटी मराठी की कानडी यावरून दिवसभर हमरीतुमरीवर येणारं आमचं गाव तेवढा तासभर कुणाचंच नसायचं, आणि आप्पांना ते फार आवडायचं.

बॅटरीइतकीच लोकांना चमत्कारिक वाटायची ती ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची जागा. तिथं एक जुनी कापडी चंची ठेवलेली असे, पानतंबाखूची. आमच्या हेडमास्तरांचे जावई पुण्याहून आले होते, ते चंची उचलून तिथं बसायला गेले.

"सायेब, ती जागा राखलीय," आप्पा म्हणाले.

"अहो, पण गाडीत आपण चौघंच आहोत."

"व्हय. यायची हाईत एकजण."

जावईबापू मला डोळा घालून हसले. पण किल्ल्याच्या दरवाजाशी आप्पांनी गाडी धुक्याकडे तोंड करून उभी केली, दिवे लावले, तीन वेळा हॉर्न दिला आणि पाच मिनिटं काचेतून नुसते पाहत राहिले, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. परतल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गृहस्थ बरे आहेत ना?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ होतं, म्हणूनच बोलले नाही.

हे बॅटरीचं आणि हॉर्नचं वेड आप्पांना मुळात नव्हतं. ते माझ्यामुळे लागलं.

माझी थोरली बहीण सुमन हिचं लग्न निपाणीजवळच्या एका गावात ठरलं. लग्न आमच्या दारात झालं आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परतण्याआधी बायकांना बेळगाव दाखवून आणायचं ठरलं. बारा बायका, आणि त्यांच्याबरोबर मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मास्तरणीच्या ट्रेनिंगला. म्हणजे अंगात शहाणपण मावत नव्हतं. आमच्या वडिलांनी वरपक्षाच्या बायकांना आहेर केला होता तो शहापूरच्या एकाच मागावरच्या लुगड्यांचा. हिरवं लुगडं, तांबडा काठ. दिलेला आहेर नेसून मिरवणं हा मान. त्यामुळे पहाटे पाचला बाराही जणी तेच लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन गाडीत चढल्या.

आप्पांच्या मागं बसल्या तानूआत्या, नवरदेवाच्या विधवा आत्या. पोरवयापासून निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडून बोटं पिवळी पडलेली, हनुवटीवर गोंदण, कानानं थोड्या कमी. निपाणीच्या पलीकडे त्या आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. कानडीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. आप्पा बोलत होते आणि त्या पुढं वाकून, कानामागं हात धरून ऐकत होत्या.

"ह्यो गाव संपतोय तरी कुठं रं, लेका?"

"न्हाय संपत, आत्या. आपलं पेट्रोल संपतंय."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग चंची सोडून त्यांनी आप्पांना पान लावून दिलं. "घे. सकाळधरनं बोलतोयस, घसा वाळला असंल." किल्ल्यात सगळ्या उतरल्या तेव्हा त्यांनी चंची सीटवर ठेवली. "माझी जागा ऱ्हाऊ दे गं बायांनू," असं सगळ्यांना बजावून त्या उतरल्या.

बस्ती बघून परत आलो तेव्हा धुकं इतकं दाटलं होतं की गाडीच मुळी जवळ गेल्यावर दिसली. आप्पा इंजिनात पाणी घालत होते. तिथूनच ओरडले, "नलू, तू मोज गं तेवढं." मी दारात उभी राहून मोजायला लागले. सुमनच्या सासूबाईंना मागं मळमळायला लागलं म्हणून त्या मध्येच उठून पुढच्या बाकावर आल्या. मी त्यांना मागंही मोजलं आणि पुढंही. बारा हिरवे पदर झाले. चंची ठेवलेली जागा मला दिसली होती का? दिसली असणार. डोळ्यासमोर तर होती.

"पुरे का गं?"

"पुरे, आप्पा."

महादेवाच्या देवळाशी उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आमच्या वन्सं कुठं हाईत?"

पाव तासात आम्ही किल्ल्यात परत होतो. आप्पा हाका मारत तटाकडे धावले, आम्ही बायका खंदकाच्या कडेनं ओरडत फिरलो. कानानं कमी असलेल्या बाईला धुक्यात हाका मारत होतो. ऊन चढलं, धुकं गेलं, किल्ला लख्ख दिसायला लागला. तानूआत्या नव्हत्या. खंदकात माणसं उतरवली, विहिरी बघितल्या, चौकीवर वर्दी दिली. काकती, हत्तरगी, संकेश्वर करत निपाणीपर्यंतचा रस्ता माणसांनी पालथा घातला. काही नाही. जिवंत नाही, मेलेल्या नाहीत. आज इतकी वर्षं झाली, त्यांचं काय झालं हे कुणालाही ठाऊक नाही.

त्या दुपारी मांडवात सुमनच्या सासऱ्यांनी विचारलं, "मोजलं कुणी?" माणूस वाईट नव्हता, पण बहीण गेली होती. पोरीला घेऊन जाणार नाही, असं तो एकदा बोलूनही चुकला होता. सुमन हळदीच्या अंगानं दारात उभी होती. मी मांडवाच्या खांबाला धरून होते.

"मी मोजलं," आप्पा म्हणाले. "गाडी माझी, मोजणी माझी."

वरपक्षातल्या कुणीतरी त्यांच्या थोबाडीत मारली. टोपी खाली पडली. ती झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि तेच पुन्हा सांगितलं. संध्याकाळी सुमन सासरी गेली.

लोकांना मी आजवर यातलं काही सांगितलेलं नाही. सुमनच्या संसारासाठी गप्प बसले असं म्हणायला बरं वाटतं, पण ते कारण मला नंतर सुचलं. त्या वेळी मी भ्याले होते, बाकी काही नाही. दोन दिवसांनी भिंतीशी जाऊन मी रडत म्हणाले, "आप्पा, मी खरं सांगून टाकते."

"कुणाला सांगतीस? आनि सांगून म्हातारी येनार हाय? सुमीला मातुर जल्मभर ऐकावं लागंल." मग म्हणाले, "चूक तुझी न्हवं. मी तुला सांगितलंच न्हवतं, तोंड बघून मोजायचं, लुगडं बघून न्हाय."

तेव्हापासून बॅटरी आली. तेव्हापासून रोजची फेरी आली. पाहुणे असले तर पाहुण्यांना घेऊन, नसले तर रिकामी गाडी घेऊन. पाऊस असो, थंडी असो, पहाटे भिंतीपलीकडे मॅटॅडोर घरघरायची आणि माझी झोप मोडायची. लोकांना वाटायचं, आप्पा गाव दाखवायला जातात. ते गाव बघायला जात होते. आदल्या दिवशी आणलेली ओली पानं चंचीत भरायची, वाळलेली काढून टाकायची, हे कधी चुकलं नाही. "आली की आधी पानच मागणार," असं त्यांचं म्हणणं. "आनि जागा तिनं राखून ठिवलीया. आपण कोण दुसऱ्याला देणार?"

मला त्या हिरव्या लुगड्यांनी छळलं. शहापूरचा माल, बेळगावात घरोघरी. भाजीबाजारात, देवळात, दवाखान्याच्या ओट्यावर कुठंही हिरवा पदर नि तांबडा काठ दिसला की मी वळसा घालून पुढं जायची आणि तोंड बघायची. शाळेत लागल्यावर हजेरी घेताना नुसत्या "हजर" वर माझं समाधान होत नसे. प्रत्येक पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघायचं. पोरी मला खडूस म्हणत. म्हणोत.

अशी बारा वर्षं गेली. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सवयीनं रस्ता दिसे, पण माणसाचा चेहरा ओळखू येईना. शेवटी घरच्यांनी गाडी विकायची ठरवली. गिऱ्हाईक ठरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी आमची कडी वाजवली.

"नलू, चल. आज शेवटची. आज तू बघ, मला दिसत न्हाय."

गाडीत आम्ही दोघंच. मी त्यांच्या शेजारी. मागं सगळे बाक रिकामे आणि चंची आपल्या जागेवर. तरीही आप्पा नेहमीसारखे बोलत होते, मागं ऐकू जाईल अशा मोठ्यानं. "डाव्या हाताला खंदक बघा. ह्यात कमळं फुलत्यात." आरशात बघायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

किल्ल्याच्या दरवाजाशी दिवे, तीन हॉर्न. आणि धुक्यातून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, कडेला दह्याचं मडकं. हॉर्न आपल्यालाच दिला असं समजून ती थेट गाडीपाशी आली.

"कोण हाय गं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, हिरवं लुगडं हाय."

"तोंड बघ."

मी बॅटरी मारली. साठीची बाई, हनुवटीवर गोंदण नाही. तानूआत्या एव्हाना ऐंशीच्या पुढं गेल्या असत्या. मी आप्पांकडं पाहिलं. ते काचेकडं तोंड करून माझ्या उत्तराची वाट बघत होते. बारा वर्षांत त्यांचा चेहरा मी एवढ्या जवळून पाहिला नव्हता.

"व्हय, आप्पा," मी म्हणाले. "आत्याच हाईत."

ते उतरले. चाचपडत मागचं दार उघडलं, म्हातारीला हात देऊन त्या जागेवर बसवलं, चंचीतलं पान काढून तिच्या हातात दिलं. ती बिचारी खूष झाली. फुकटात गाडी आणि वर पान.

"किती झालो?"

"तीन."

"पुरे?"

"पुरे, आप्पा."

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि मागं न वळता म्हणाले, "इल्ले इळीरी, अव्वा. मार्केट बंतु." बाई उतरून गेली. इथंच उतरा, बाजार आला, हे त्यांनी तिला कानडीतून सांगितलेलं मला खटकलं; आत्यांना कानडी कुठं येत होती? पण ते दिवसभर सगळ्यांशी दोन्ही भाषांत बोलत, तोंडात आलं असेल, असं मी मनाला समजावलं. मला तसंच समजून घ्यायचं होतं. दारात सोडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झाली गं मोजणी. आता तू कुणाची तोंडं बघत हिंडू नगंस." त्या दिवशी मी कित्येक वर्षांनी गाढ झोपले. पुढे पहाटे गाडीची घरघरही येईनाशी झाली.

पाच महिन्यांनी आप्पा गेले. सकाळी चहा घेता घेता, बसल्या जागी. तेराव्याला सगळे पांगल्यावर त्यांची बायको, पारूकाकू, भिंतीपाशी आली. तिच्या हातात ती चंची होती.

"ह्ये तुझ्याकडं ठेव, नलू. गाडी गेल्यापास्नं रोज पाटंचं काठी टेकत किल्ल्यापतोर चालत जायचे. दिसायचं न्हाय, पर जायचे. आवाज न करता कडी काढायचे. म्हणायचे, नलूला कळू देऊ नगंस, तिची मोजणी पुरी झालीया."

मी चंची उघडली. आतली पानं वाळून कडक झाली होती. तेरा दिवस ती कुणी बदलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आवाज न करता कडी काढली. एका हातात बॅटरी होती, दुसऱ्या हातात ओली पानं.