रुखवतावरची स्वारी

माझ्या हातून आयुष्यात एकच किल्ला पडला आणि तो शंकरपाळ्यांचा होता.

तो माझ्या सासूबाईंनी बांधला होता, नातीच्या रुखवतात मांडायला. नात म्हणजे माझ्या मेहुण्याची, मंदारची मुलगी. लग्न रविवारी. मंदारचं घाटकोपरचं घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून रुखवताचा सगळा पसारा आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये होता. साखरेच्या पाकात एकेक शंकरपाळं चिकटवून आईंनी तटबंदी उभारली होती. चार बुरूज, महादरवाजा आणि वर चकलीच्या तुकड्यांच्या तोफा. (तोफेला काटे नसतात, असं मी म्हणालो होतो. घरात कुणी ऐकलं नाही.) आईंची बोटं हल्ली थरथरतात. "सईच्या लग्नापर्यंत ही ऐकतील असं काय वाटत नाही मला," असं त्या बोटांकडे बघत म्हणाल्या होत्या. सई आमची मुलगी. म्हणजे हा किल्ला त्यांचा बहुधा शेवटचा. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनही मी जे केलं, ते आता सांगतो.

दिवसा मी विमा कार्यालयात लोकांच्या मोडतोडीचे दावे तपासतो आणि उरलेल्या वेळात एक अद्भुत कादंबरी लिहितो. तिच्यात राक्षस आहेत, उडते घोडे आहेत आणि एकट्याने किल्ला राखणारा रुद्रकेत नावाचा नायक आहे. त्याच्या महायुद्धाचं प्रकरण मी सईला वाचायला दिलं.

"बाबा, तुझा हिरो तलवार उपसताना दीड पान बोलतो."

"मग?"

"तोपर्यंत राक्षस काय करतोय? रांगेत उभाय?"

"ऐकतोय."

"आणि कोण कुठे उभं आहे, कोणाचा हात कोणाला लागला, काहीच कळत नाही. तू कधी मारामारी केलीयस का?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शाळेत एकदा मार खाल्ला होता, पण त्यात माझा सहभाग फार नव्हता.

"मग एकदा करून बघ ना. स्लो मोशनमध्ये. मग लिही."

करून बघ, पण हॉलमध्ये नको, एवढं ती पुढे म्हणाली असती तर! पण नको, तिला दोष देत नाही. चूक माझीच.

शुक्रवारी दुपारी आई आणि माझी बायको नीलिमा बांगड्या भरायला गेल्या. सई कॉलेजात. धुतलेले पडदे परत टांगायचं काम माझ्यावर सोपवलेलं, त्यामुळे पडद्याचा लांब दांडा हातातच होता. तेवढ्यात मंदार नारळांचं पोतं ठेवायला आला.

"मंदार, पाच मिनिटं राक्षस होशील?"

"भावजी, परवा माझ्या पोरीचं लग्न आहे."

"म्हणूनच म्हणतो. मन मोकळं होईल."

त्याला ते पटलं. (लग्नाच्या आठवड्यात मुलीच्या बापाला काहीही पटतं.) त्याने कोपऱ्यातली छत्री उचलली, मी एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात पोळ्यांची परात घेतली. रुद्रकेत किल्ल्याला पाठ करून उभा राहतो, म्हणून मीही डायनिंग टेबलावरच्या किल्ल्याला पाठ करून उभा राहिलो.

"ये," मी गरजलो.

मंदार आला, पण लेझीमसारखा. शाळेत तो लेझीम पथकात होता आणि शारीरिक हालचालींचं त्याचं शिक्षण तिथेच संपलं होतं. एक पाऊल पुढे, वाकून डावीकडे, उठून उजवीकडे, असं करत छत्री खुळखुळवत तो चाल करून आला.

"अरे, राक्षस तालात येत नाही."

"मग मी मोजू कसं?"

"मोजायचं नसतं, मारायचं असतं."

हे वाक्य त्याने मनावर घेतलं. हॉलवाला, केटरर, फोटोग्राफर, रुसलेली आत्या, या सगळ्यांवरचा राग त्या छत्रीत उतरला. पहिला वार परातीवर बसला आणि माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. दुसरा वार करताना छत्री उघडली. समोर अचानक एवढा मोठा काळा घुमट उभा राहिलेला पाहून मी रुद्रकेतासारखा दांडा मागे खेचला.

लांब दांड्याला मागेही टोक असतं, हे वाचनातून कळत नाही.

मागे काहीतरी खळखळलं. मग एक तोफ टेबलावरून घरंगळत जमिनीवर आली आणि मंदारच्या पायाशी थांबली.

"भावजी," मंदार छत्री मिटत म्हणाला, "वाट लागली."

दोन बुरूज आणि मधली तटबंदी गेली होती. मी लगेच गॅसवर पाक ठेवला. पाक एकतारी असतो, दोनतारी असतो, हे ऐकून होतो. माझा अतारी निघाला. बुरूज त्यात उभा राहीना, पोहायला लागला. मग आच वाढवली, तर पाक तपकिरी झाला, काळा झाला आणि दगड झाला. मंदारने महादरवाजा हाताने धरून ठेवला होता, तो आता सोडायला तयार नव्हता. म्हणजे दरवाजा मंदारला.

"अजून शंकरपाळी दे," मी म्हणालो.

"संपली."

"इतकी होती की!"

"टेन्शन आलं की मी खातो, भावजी."

तेवढ्यात बेल वाजली.

रुद्रकेताने अशा क्षणी काय केलं असतं, ते मी प्रकरणात लिहिलेलं आहे. मी परातीसकट बाथरूममध्ये गेलो आणि आतून कडी लावली. मंदारने बिचाऱ्याने मोकळ्या हाताने दार उघडलं. बांगड्यांची किणकिण ऐकू आली आणि ती थांबली. आई चिडल्या की त्यांची भाषा थेट माहेरी, देवगडला जाते.

"ह्यां कोणी केल्यान?"

"भावजींनी," मंदार क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. (माझ्या कादंबरीत फितूर व्हायला माणसाला किमान एक पान लागतं.)

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या नाहीत. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग नीलिमाचा हळू आवाज, "आई, रडू नको गं." ते ऐकल्यावर आत बसवेना. बाहेर आलो. आई पडलेल्या बुरुजाचे तुकडे थरथरत्या बोटांनी एका वाटीत गोळा करत होत्या.

"आई, चुकलो."

"पण भांडलात कशावरून?"

"भांडलो नाही. लढाई लिहायला शिकत होतो."

"आणि लढाईत तुम्ही काय करत होतात?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"किल्ला वाचवत होतो."

आईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, पुन्हा रडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि हसता हसता त्यांच्या हातातली वाटी सांडली.

"नीलू, परात घे. त्यांच्या हातातली," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मैदा मळूया. आणि दोघांनी बसायचं इकडे. बोटं तुमची, अक्कल माझी."

दिवे लागेपर्यंत आम्ही लाटत, कापत, तळत होतो. मंदारला शेजारी बसवलं होतं, पण खाऊ नये म्हणून तोंडात लवंग ठेवून. तरीही एक बुरूज अपुरा राहिला, तो आईंनी तसाच ठेवला. लग्नात मुलाच्या आईने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा असा मोडका का?"

"आमचे जावई लेखक आहेत," आई म्हणाल्या. विहीणबाईंना तेवढं पुरलं.

पुढच्या आठवड्यात मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. या वेळी कोणी भाषण केलं नाही. किल्ला एका म्हातारीने आपल्या हातांनी बांधलेला होता आणि ते पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

सईने ते एका बैठकीत वाचलं.

"झकास, बाबा. पहिल्यांदाच भीती वाटली. किल्ल्यासाठी. फक्त एक गोष्ट पटत नाही. एवढा मोठा योद्धा ऐन वेळी गुहेत जाऊन आतून कडी लावतो?"

"बाळा," मी म्हणालो, "बाकी सगळं कल्पनेतलं आहे."